शांततेची भागीदारी
(बी. कॉम. द्वितीय वर्ष)

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याने गाण्याविषयी लिहावे, आणि तेही आफ्रिकेतल्या गाण्याविषयी, हे काही वाचकांना विचित्र वाटेल. परंतु ज्या ध्वनिमुद्रिकेची हकिकत मला येथे सांगायची आहे ती मला खरी उमगली ती भागीदारीचा कायदा वाचताना. तेव्हा विषय आमच्या शाखेचाच आहे असे समजून वाचकांनी हा लेख गोड मानून घ्यावा.

'सीझफायर', म्हणजे युद्धविराम, या नावाची ही ध्वनिमुद्रिका २००५ साली लंडनच्या रिव्हरबोट रेकॉर्ड्स या कंपनीने काढली. तिच्यावर दोन नावे आहेत : इमॅन्युएल जाल आणि अब्देल गादिर सालिम. दोघेही त्या वेळच्या अखंड सुदानचे. पण एक दक्षिणेचा ख्रिस्ती, तर दुसरे उत्तरेचे मुसलमान. एक लहानपणी बंडखोरांच्या सैन्यात बंदूक घेऊन लढलेला, तर दुसरे, ज्या सरकारविरुद्ध ते सैन्य लढत होते त्याच्या राजधानीत नावाजलेले गवई. यादवी युद्धाच्या दोन बाजूंची ही माणसे एकत्र गायली. 'संगीताला सीमा नसतात' हे वाक्य आपण स्नेहसंमेलनाच्या प्रत्येक प्रास्ताविकात ऐकतो आणि टाळ्या वाजवतो. पण एकत्र गायल्याने खरोखर काय साधते आणि काय साधत नाही, याचा जमाखर्च कोणी मांडत नाही. तो मांडण्याचा हा प्रयत्न आहे.

प्रथम युद्ध कशाचे होते ते पाहू. १ जानेवारी १९५६ रोजी सुदान स्वतंत्र झाला. इंग्रजांच्या अमदानीत त्याच्या उत्तर व दक्षिण भागांचा कारभार बराच काळ जवळजवळ वेगळा चालत असे. उत्तरेत अरबी भाषा व इस्लाम धर्म. दक्षिणेत डिंका, नुएर इत्यादी अनेक जमाती, त्यांच्या अनेक भाषा, त्यांचे परंपरागत धर्म आणि मिशनऱ्यांनी नेलेला ख्रिस्ती धर्म. इंग्रज जाताना ज्या सुमारे ८०० सरकारी जागा सुदानी लोकांना मिळाल्या, त्यांतल्या दक्षिणेच्या वाट्याला हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या आल्या. ऑगस्ट १९५५ मध्ये, म्हणजे स्वातंत्र्यापूर्वीच, तोरित येथील दक्षिणी शिपायांनी बंड केले. पुढे सरकारने दक्षिणेतील शाळांतून अरबी भाषा लादली आणि १९६० मध्ये रविवारची सुटी काढून शुक्रवारची केली. १९७२ च्या आदिस अबाबा कराराने दक्षिणेला स्वायत्तता मिळाली व अकरा वर्षे बंदुका थंडावल्या. दरम्यान दक्षिणेत बेंतियूजवळ तेल सापडले. १९८३ मध्ये अध्यक्ष निमेरी यांनी ती स्वायत्तता मोडीत काढली आणि सर्व देशाला शरियतचा कायदा लागू केला. जॉन गरांग यांच्या नेतृत्वाखाली बंडखोर सेना उभी राहिली. हे दुसरे युद्ध २२ वर्षे चालले. लढाई, उपासमार व रोगराई मिळून सुमारे २० लाख माणसे गेली आणि ४० लाखांच्या आसपास बेघर झाली.

धर्माचे व भाषेचे भांडण म्हणून हे युद्ध ओळखले जाते. ते तसे होतेच. पण नोकऱ्या, शाळा, सुटी, तेल ही यादी वाचली की वाणिज्य शाखेच्या माणसाला आणखी एक गोष्ट दिसते. ज्यांना वाटेकरी म्हणून घेतले होते, त्यांना वाटा मिळाला नाही.

आता दोघा गायकांकडे वळू. इमॅन्युएल जाल याचा जन्म १९८० च्या सुमाराचा. नेमकी तारीख त्याची त्यालाही ठाऊक नाही. तो सुमारे सात वर्षांचा असताना त्याची आई सरकारी सैनिकांच्या हातून मारली गेली. वडील बंडखोरांना जाऊन मिळाले. शाळा मिळेल या आशेने तो असंख्य मुलांबरोबर इथिओपियाकडे चालत गेला. तेथे निर्वासितांची छावणी मिळाली, आणि छावणीतून सैनिकी शिक्षण. ज्या वयात आपण पाढे पाठ करत होतो त्या वयात तो लढाईत होता. पुढे काही शेकडा मुले ते सैन्य सोडून पळाली. महिनोन्महिने अन्नपाण्यावाचून चालताना त्यांतली बहुतेक वाटेत मेली. जाल वाट या गावी पोचला. तेथे एमा मॅकुन या इंग्रज समाजसेविकेने त्याला आश्रय दिला आणि विमानातून लपवून केनियात नैरोबीला नेले. या बाईंचे यजमान रिएक माचार हे स्वतः बंडखोरांचे एक सेनापती होते. १९९३ मध्ये नैरोबीत मोटार अपघातात एमा वारल्या आणि मुलगा पुन्हा पोरका झाला. नैरोबीतच त्याला गाणे सापडले, विशेषतः रॅप, म्हणजे तालावर झपाझप बोलत जाण्याची पद्धत. त्याचे 'ग्वा' हे गाणे २००५ मध्ये केनियात गाजले. ग्वा या शब्दाचा नुएर भाषेत अर्थ 'चांगले' आणि सुदानी अरबीत 'शक्ती'. एकच शब्द दोन्ही बाजूंना चालतो, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

अब्देल गादिर सालिम हे जालपेक्षा पिढीभराने मोठे. आपल्याकडे असते तर लोकांनी त्यांना बुवा म्हटले असते. त्यांचे गाव कोर्दोफान प्रांतातील नुबा डोंगराळ मुलखातले दिलिंग. खार्तूमच्या संगीत व नाट्य संस्थेत त्यांनी रीतसर शिक्षण घेतले. ऊद हे सतारीच्या मानाने आखूड मानेचे, पडद्यांवाचूनचे तंतुवाद्य त्यांच्या हातचे. कोर्दोफानातील मर्दुम नावाचा नाचाचा ठेका त्यांनी शहरी वाद्यवृंदात आणला आणि त्यावर नाव मिळवले.

त्यांना युद्धाची झळ लागली नाही असे समजू नये. १९८९ मध्ये खार्तूममध्ये लष्करी उठाव होऊन ओमर अल् बशीर सत्तेवर आले. त्यानंतर गाणेबजावण्यावर नाना निर्बंध आले. मोहम्मद वर्दी यांच्यासारखा सर्वश्रेष्ठ मानला जाणारा गायक देशाबाहेर गेला. नोव्हेंबर १९९४ मध्ये ओमदुर्मानमधील संगीतकारांच्या क्लबात शिरून एका धर्मांध माणसाने चाकूहल्ला केला. त्यात गायक खोजाली ओस्मान ठार झाले आणि सालिम जखमी झाले. म्हणजे उत्तरेचा हा गवई उत्तरेच्याच माणसाकडून गाण्यापायी मरता मरता वाचला. दोन बाजू म्हटल्या की आपण प्रत्येक बाजू एकसंध समजतो. तशी ती कधीच नसते.

ध्वनिमुद्रिकेत ऐकू येते ते असे. सालिम अरबीत गातात. ऊद, व्हायोलिन, अकॉर्डियन, सॅक्सोफोन ही त्यांच्या परंपरेतली साथ. जाल अरबी, इंग्रजी, स्वाहिली, डिंका व नुएर अशा भाषा बदलत बोलत-गात जातो. आपल्या कानाला या संगीतात परके असे फारसे वाटत नाही याचे कारण सांगतो. इतर अरबी देशांचे गाणे बहुधा सात स्वरांचे व पाव स्वरांच्या बारकाव्यांचे असते. सुदानी गाणे मात्र पाच स्वरांचे. भूप किंवा दुर्गा ज्याने ऐकला आहे त्याला ही चाल लगेच ओळखीची वाटते. आणि मर्दुमचा ठेका सहाच्या हिशेबाने चालतो, तेव्हा दादऱ्यावर डोलणारी आपली मान तेथेही डोलते. जे उत्तर सुदान स्वतःला अरब म्हणवते, त्याचे गाणे आपले आफ्रिकी गोत्र लपवत नाही.

येथे भागीदारीचा कायदा उपयोगी पडतो. आपल्याकडचा भागीदारी अधिनियम १९३२ चा. त्यात असे आहे की करारात वेगळे ठरले नसेल तर भागीदारांचा नफ्यातोट्यातील वाटा समान असतो, मग भांडवल कोणी कितीही घातलेले असो. दुसरे असे की वह्या प्रत्येक भागीदाराला पाहता आल्या पाहिजेत. आणि तिसरे, सर्वांत महत्त्वाचे : पेढीच्या कामात एका भागीदाराने केलेल्या व्यवहाराने सगळे बांधले जातात.

'सीझफायर'ला यातली पहिली दोन कलमे लावून पाहा. सालिम यांचे भांडवल म्हणजे आयुष्यभराची गायकी व वादकांचा ताफा. पंचविशीतल्या जालकडे एवढी पुंजी कोठून असणार? त्याने आपले शब्द आणले, आणि ते बोलण्याचा अधिकार आणला. भांडवल असे विषम, तरी गाण्यात कोणी कोणाचा साथीदार वाटत नाही. दोघांत पैशाचे काय ठरले तो त्यांचा प्रश्न. मी ऐकू येणाऱ्या वाट्याविषयी बोलतो आहे. कोणी भाषा सोडलेली नाही, कोणी धर्म सोडलेला नाही, आणि झाले गेले विसरा असे कोणी कोणाला म्हणत नाही. शिवाय गाण्याच्या वह्या सदैव उघड्या. कोणाचा आवाज किती, कोणाचा दाबला गेला, हे कोणत्याही ऐकणाऱ्याला तपासता येते.

तिसरे कलम मात्र लागू पडत नाही. सालिम यांच्या गाण्याने खार्तूमचे सरकार बांधले जात नव्हते आणि जालच्या गाण्याने गरांगची सेना बांधली जात नव्हती. एकत्र गाणे म्हणजे तह नव्हे, याचे कारण हेच. तह सही करण्याचा अधिकार असलेल्यांनीच करावा लागतो. तो ९ जानेवारी २००५ रोजी नैरोबीत झाला. दक्षिणेतील तेलाच्या निव्वळ उत्पन्नातून किमान २ टक्के तेल निघणाऱ्या प्रांताला आणि उरलेले निम्मे-निम्मे दोन सरकारांना, अशी वाटणी त्यात ठरली.

म्हणजे समान वाटा कागदावर आला. वह्यांचे काय? तेलाचे आकडे खार्तूमच्या हाती. २००९ मध्ये ग्लोबल विटनेस या लंडनच्या संस्थेने सरकारने दाखवलेले उत्पादन आणि तेल काढणाऱ्या चिनी कंपनीने आपल्या अहवालात दाखवलेले उत्पादन ताडून पाहिले. कंपनीच्या मानाने सरकारचे आकडे ९ ते २६ टक्क्यांपर्यंत कमी भरले. जेथे भागीदाराला वही दिसत नाही तेथे विश्वास कसा राहणार? जानेवारी २०११ च्या सार्वमतात दक्षिणेच्या ९८ टक्क्यांहून अधिक मतदारांनी वेगळे होण्याच्या बाजूने कौल दिला आणि ९ जुलै २०११ रोजी दक्षिण सुदान स्वतंत्र झाला. तेल दक्षिणेत, पण ते बंदरावर नेणारी नळवाहिनी उत्तरेतून. तिच्या भाड्यावरून तंटा होऊन जानेवारी २०१२ मध्ये दक्षिणेने तेल काढणेच बंद केले.

पुढची नोंद अधिक दुःखाची आहे. सप्टेंबर २०१२ मध्ये शांततेच्या कार्यक्रमासाठी जुबाला गेलेल्या जालला पोलिसांनी बेदम मारले. हे पोलीस त्याच्याच स्वतंत्र देशाचे होते. डिसेंबर २०१३ मध्ये दक्षिण सुदानात अध्यक्ष साल्वा कीर आणि वर उल्लेख आलेले रिएक माचार यांच्या गटांत यादवी पेटली. एप्रिल २०२३ मध्ये उत्तरेतही सैन्य आणि निमलष्करी दल एकमेकांवर तुटून पडले. खार्तूम व ओमदुर्मान उद्ध्वस्त झाले आणि एक कोटीहून अधिक माणसे घरादाराला मुकली.

मग त्या ध्वनिमुद्रिकेचा उपयोग काय, असे कोणी विचारील. प्रश्न योग्य आहे. माझे उत्तर असे की पेढी बुडाली म्हणजे भागीदारी ही कल्पनाच खोटी ठरत नाही. पेढी का बुडाली हे पाहायला चांगल्या कराराचा एक नमुना हाताशी असावा लागतो. सुदानात पुढाऱ्यांचे करार झाले, मोडले, पुन्हा झाले. त्या काळात विरुद्ध बाजूंच्या दोन माणसांनी समान वाटा आणि उघड्या वह्या यांवर एक व्यवहार पुरा करून दाखवला. त्यामुळे 'आमच्यात असे कधी होणेच शक्य नव्हते' हे म्हणण्याची सोय राहिली नाही. युद्ध चालू ठेवणाऱ्यांना हे वाक्य फार उपयोगी पडते, म्हणून त्याच्याविरुद्ध असलेला पुरावा जपून ठेवला पाहिजे.

आपल्या सीमाभागातला वाद आणि सुदानचे युद्ध यांची तुलना मी करणार नाही. ती करणे म्हणजे तेथे मेलेल्यांची थट्टा होईल. पण हा अंक ज्यांच्या हातात आहे त्यांना मराठी आणि कन्नड असे दोन विभाग एकाच मुखपृष्ठात दिसतात. अभंग आणि दासरपदे एकाच गळ्यातून ऐकवणारे भीमसेन जोशी आपल्या दोन्ही घरांत ऐकले जातात. त्याचे आपण कौतुक करतो. तेव्हा वाट्याचा आणि वह्यांचा प्रश्नही विचारावा. दुसऱ्या विभागातली किती पाने आपण वाचतो? स्नेहसंमेलनात एकमेकांच्या भाषेतले एक-एक गाणे म्हणणे सोपे आहे. एकमेकांचा वाटा मोजून देणे आणि तो मोजताना वही समोर ठेवणे अवघड आहे.

'सीझफायर' आता मोबाइलवरही ऐकायला मिळते. वाचकांनी ती जरूर ऐकावी. शब्द कळणार नाहीत, पण वाटणी बरोबर झाली आहे हे पहिल्या दोन गाण्यांतच ध्यानात येईल.