‘उद्या’चा उद्योग!

मराठी घरात चालढकलीचा पहिला धडा कोण देतं, माहीत आहे का? चिऊताई! बाहेर धो धो पाऊस, दारात काऊ गारठलेला, आणि आतून सबबींची माळ: बाळाला न्हाऊ घालायचंय, अंग पुसायचंय, तीट लावायचीय. दार काही उघडत नाही. ‘पाच मिनिटांत आलेच’ या वाक्याचं पेटंट खरं तर या बाईंचं. अर्ज भरायचा राहून गेला असणार.

परदेशात मात्र आरोपी काऊ! लॅटिनमध्ये ‘क्रास’ म्हणजे उद्या. इंग्रजीतलं ‘प्रोक्रॅस्टिनेशन’, म्हणजे चालढकल, याच शब्दाच्या कुळातलं. कॅथलिक परंपरेत सेंट एक्स्पेडिटस नावाचे एक संत आहेत. वेश रोमन सैनिकाचा, हातातल्या क्रुसावर ‘आज’ लिहिलेलं, आणि पायाखाली ‘क्रास, क्रास’ ओरडणारा कावळा. म्हणजे तिथले कावळे ‘उद्या, उद्या’ करतात! पिंडाला शिवायला आपल्याकडे तासभर ताटकळत ठेवणारा पक्षीही हाच, त्यामुळे आरोपात तथ्य वाटतं.

व्हिक्टर ह्यूगोने डेडलाइनशी कुस्ती कशी खेळली, ठाऊक आहे? ‘नोत्र दाम’वरची कादंबरी रखडली, प्रकाशक खवळला. तेव्हा 1830 मध्ये गड्याने म्हणे एक शाईची बाटली आणली, अंगभर एक लोकरी वस्त्र घेतलं आणि बाहेर जायचे सगळे कपडे कुलपात टाकले. जाणार कुठे? जानेवारी 1831 मध्ये कादंबरी हातावेगळी!

लिओनार्दो दा विंचीला एवढी घाई नव्हती. मिलानमधल्या एका धार्मिक मंडळाने 1483 मध्ये त्याला देवघरासाठी चित्र सांगितलं. मुदत काही महिन्यांची. वाद, वाटाघाटी, पुन्हा वाद करत प्रकरण मिटलं 1508 मध्ये. पंचवीस वर्षं! आपला सुतार उगाच बदनाम आहे.

आता एक देशी मसाला. 1960च्या दशकात जॉर्ज अकरलॉफ नावाचे तरुण अमेरिकन अर्थतज्ज्ञ भारतात मुक्कामाला होते. त्यांचे मित्र जोसेफ स्टिग्लिट्झ भेटायला आले आणि जाताना सामान जास्त झालं म्हणून कपड्यांचं एक खोकं मागे ठेवून गेले. ‘पाठवून दे रे.’ एवढंच काम. पण पार्सल म्हणजे फॉर्म, रांगा, शिक्के. अकरलॉफ यांच्या हिशेबाने अख्खा दिवस जाणार. मग रोज सकाळी उठायचं आणि ठरवायचं, उद्या नक्की. असे किती दिवस? आठ महिन्यांहून जास्त! शेवटी दुसरा एक मित्र आपलं बरंच सामान पाठवत होता, त्यातच हे खोकं ढकललं. ‘चालढकल’ शब्दातली ‘ढकल’ ती हीच.

गंमत पुढे आहे. 1991 मध्ये अकरलॉफ यांनी दिरंगाईवर जो गाजलेला निबंध लिहिला, त्याची सुरुवातच या खोक्याने होते. मुद्दा साधा: आजचा त्रास डोळ्यांसमोर असतो, उद्याचा तोटा धूसर. रोजचा निर्णय शहाणा वाटतो आणि आठ महिन्यांची बेरीज मूर्खपणाची निघते. 2001 चं अर्थशास्त्राचं नोबेल कुणाला, माहीत आहे का? अकरलॉफ, मायकल स्पेन्स आणि... खोक्याचे मालक स्टिग्लिट्झ!

चालढकल म्हणजे आळस, असं वाटतं ना? चूक! आळशी माणूस मजेत लोळतो. चालढकल करणारा बिचारा ओटा घासतो, कपाट लावतो, जुने फोटो सॉर्ट करतो, फक्त ‘ते’ काम सोडून. टिमथी पिचिल आणि फ्युशिया सिरोइस हे अभ्यासक म्हणतात, गडबड घड्याळाची नाही, मूडची आहे. कामाबरोबर येणारा कंटाळा, धास्ती किंवा ‘आपल्याला जमेल का?’ ही टोचणी, ते आपण टाळत असतो.

पटत नाही? माझं मिक्सरचं भांडं घ्या. खालचं कपलर तुटलं ते पाडव्याच्या आसपास. भांडं कापडी पिशवीत, पिशवी दाराच्या हुकला. मग पिशवी स्कूटरच्या डिकीत. रोज भाजी आणायला जाताना मी दुकानावरून जायचे आणि डिकीतून ठणठण ऐकायचे. भीती कसली? ‘इतके दिवस काय करत होतात?’ असं दुकानदार विचारेल याची! श्रावणात एकदाची गेले. त्याने भांडं उलटं धरलं, पान्याने गर्रकन फिरवलं, नवं कपलर बसवलं. चार मिनिटं. विचारलं काय? ‘सुट्टे आहेत का?’

भिजत घोंगडं म्हणतात ना, ते अगदी शास्त्रशुद्ध. लोकर भिजत पडली की जडच होते.

उपाय हवाय? स्वतःला माफ करा! 2010 मध्ये प्रसिद्ध झालेल्या कॅनडातल्या एका अभ्यासात दिसलं की, पहिल्या परीक्षेआधी टंगळमंगळ केल्याबद्दल ज्या विद्यार्थ्यांनी स्वतःला माफ केलं, त्यांनी पुढच्या परीक्षेआधी कमी टंगळमंगळ केली. आईचा ओरडा सिलॅबसबाहेर.

इटलीच्या फ्रान्चेस्को सिरिलोने कॉलेजात अभ्यास होईना म्हणून स्वयंपाकघरातला टोमॅटोच्या आकाराचा टायमर उचलला. 25 मिनिटं काम, 5 मिनिटं सुट्टी. तंत्राचं नाव ‘पोमोदोरो’, म्हणजे इटालियनमध्ये टोमॅटो. आपल्याकडे कुकर आहेच. दोन शिट्ट्या होईपर्यंत बसा की!

दिरंगाईविरुद्ध महाराष्ट्रात चक्क कायदा आहे, माहीत आहे का? 2005 चा. लांबलचक नाव कोण घेणार, सगळे ‘दप्तर दिरंगाई कायदा’ म्हणतात. सरकारी कर्मचाऱ्याच्या टेबलावर फाइल सर्वसाधारणपणे सात कामाच्या दिवसांपेक्षा जास्त पडून राहू नये, असं तो सांगतो. घरच्या टेबलांना लागू नाही. हुश्श!

आता देशव्यापी चालढकल. 2023 मध्ये 31 जुलैच्या मुदतीपर्यंत 6.77 कोटी इन्कम टॅक्स रिटर्न भरले गेले. त्यातले एकट्या शेवटच्या दिवशी? 64.33 लाख! संध्याकाळी 5 ते 6 या एका तासात जवळपास पाच लाख. तुम्ही त्यात होतात? मीही.

अमेरिकेत चालढकल्यांचा क्लबसुद्धा होता. 1956 मध्ये फिलाडेल्फियात लेस वास यांनी सुरू केलेला. वास कायम ‘हंगामी’ अध्यक्ष, कारण नवा अध्यक्ष सुचवणाऱ्या समितीची बैठकच कधी झाली नाही. फिलाडेल्फियाची प्रसिद्ध ‘लिबर्टी बेल’ 1752 मध्ये लंडनच्या व्हाइटचॅपल कारखान्यात ओतलेली आणि पुढे तडकलेली. क्लबवाले दोनशेहून जास्त वर्षांनी लंडनला तक्रार घेऊन पोचले: वॉरंटीचं काय? कारखाना म्हणाला, जरूर बदलून देऊ, फक्त मूळ पॅकिंगमध्ये परत आणा. तक्रारीचे तीनतेरा!

जाता जाता उलटा नमुना. 2014 मध्ये डेव्हिड रोझेनबॉम यांच्या प्रयोगात विद्यार्थ्यांना सांगितलं, वाटेतल्या दोनपैकी सोपी वाटेल ती बादली उचला आणि वाटेच्या शेवटपर्यंत न्या. बहुतेकांनी जवळची उचलली, म्हणजे वजन जास्त लांब वाहिलं. का? एक काम लवकर उरकावं म्हणून! याला नाव पडलं ‘प्रीक्रॅस्टिनेशन’.

आमच्या काकांना हे नाव सांगायला हवं. रात्रीच्या कोकणकन्येसाठी ते दुपारच्या चहालाच सीएसएमटीवर. रिटर्न जूनमध्ये भरून मोकळे. आणि 31 जुलैला? दर तासाला मला फोन: ‘भरलास का गं?’