एका फाइलीत मावलेली शब्दसूची

मुकुंदराजांच्या ‘विवेकसिंधू’ची शब्दसूची दाखवणारा छोटा प्रोग्राम मी अंबाजोगाईत बसून सी प्लस प्लसमध्ये लिहिला. पेन ड्राइव्हवरून धारूरच्या एका निवृत्त गुरुजींकडे नेला, तर पडद्यावर संदेश: ‘व्हीसीरनटाइम140.डीएलएल सापडत नाही.’ गुरुजींना वाटले, त्यांचेच काही चुकले. चूक माझी होती.

कंपायलर आपले लिखाण यंत्रभाषेत आणतो खरा. पण मेमरी मागणे, अक्षरे छापणे अशी नित्याची कामे तो तयार लायब्ररीवर सोपवतो. ती माझ्याकडे व्हिज्युअल स्टुडिओबरोबर आली होती. गुरुजींच्या विंडोज 7 वर ती नव्हती, उतरवून घ्यायला इंटरनेटही नव्हते.

कंपायलरला ‘/एमडी’ऐवजी ‘/एमटी’ सांगितले की ही लायब्ररी प्रोग्रामच्याच फाइलीत शिरते. मिनजीडब्ल्यू वापरणाऱ्यांसाठी ‘-स्टॅटिक’ आहे. फाइल फुगते, शिवाय लायब्ररीत दोष निघाला तर प्रोग्राम पुन्हा बांधून प्रत्येकाला द्यावा लागतो. माझे वाचक बोटांवर मोजण्याइतके, मला ते परवडते. गो भाषा सहसा एकसंध फाइलच देते, म्हणून मोह झाला होता, पण 1.21 या आवृत्तीपासून तिने विंडोज 7 ची साथ सोडली.

‘/एमटी’ घेऊन पुन्हा धारूरला गेलो. सूची उघडली. आता नवी प्रत देण्याआधी कंपायलर नसलेल्या जुन्या संगणकावर चालवून पाहतो.