ॲरोमॅटिक अम्लांची अम्लता

बेंझीन वलयाला कार्बॉक्सी गट जोडलेल्या संयुगांची पाण्यात हायड्रोजन आयन सोडण्याची क्षमता. ही क्षमता पीकेए मूल्याने व्यक्त करतात; मूल्य जितके कमी तितके अम्ल अधिक प्रबल. या वर्गातील मूळ संयुग बेंझॉइक अम्ल हे असून २५° से. तापमानास त्याचे मूल्य ४·२० आहे. वलयावरील हायड्रोजन अणूच्या जागी दुसरा गट आल्यास हे मूल्य बदलते.

हायड्रोजन आयन सुटल्यावर ऋण विद्युत् भारित आयन उरतो. नायट्रो गट वलयातील इलेक्ट्रॉन स्वतःकडे ओढतो, त्यामुळे हा आयन अधिक स्थिर होतो व अम्लता वाढते (पॅरा-नायट्रोबेंझॉइक अम्ल, ३·४४). याउलट मिथिल गट इलेक्ट्रॉन देतो व अम्लता घटते (पॅरा-मिथिल बेंझॉइक अम्ल, ४·३७).

हायड्रॉक्सी गटाचा परिणाम मात्र स्थानावर अवलंबून असतो. मेटा स्थानी ऑक्सिजनाचे इलेक्ट्रॉन-आकर्षण प्रभावी ठरते (४·०८). पॅरा स्थानी अनुस्पंदनामुळे इलेक्ट्रॉन कार्बॉक्सी गटाकडे ढकलले जातात व अम्ल दुर्बल होते (४·५८). ऑर्थो स्थानी, म्हणजे सॅलिसिलिक अम्लात, शेजारच्या हायड्रॉक्सी गटाशी होणाऱ्या हायड्रोजन बंधामुळे आयन स्थिरावतो (२·९७). अमेरिकन रसायनशास्त्रज्ञ हॅमेट यांनी १९३७ मध्ये मेटा व पॅरा गटांच्या परिणामांचे स्थिरांक मांडले. ऑर्थो गट कार्बॉक्सी गटाच्या अगदी निकट असल्याने त्यांना हे समीकरण सामान्यतः लागू पडत नाही.

या फरकाला शेतीतही महत्त्व आहे. गोंदिया जिल्ह्यात भात हे मुख्य पीक आहे. पाणी भरलेल्या बांधीत भाताचे तणस कुजताना पॅरा-हायड्रॉक्सिबेंझॉइक, व्हॅनिलिक इ. अम्ले सुटतात व ती साचल्यास मुळांची वाढ खुंटते. अविगमित रेणूवर विद्युत् भार नसल्याने तो आयनापेक्षा सहजपणे मुळांच्या कोशिकांत शिरतो. पीएच मूल्य ६ असताना पॅरा-हायड्रॉक्सिबेंझॉइक अम्लाचे शेकडा सु. ३·७ रेणू अविगमित असतात, तर सॅलिसिलिक अम्लाचे केवळ ०·१. पीएच मूल्य ७ झाल्यास दोन्ही प्रमाणे सु. एक-दशांश होतात. पाण्याखाली राहिलेल्या अम्लधर्मी मातीचे पीएच मूल्य काही आठवड्यांत उदासीनतेकडे सरकते व सूक्ष्मजंतू या अम्लांचे अपघटनही करतात. म्हणून तणस गाडल्यावर रोवणीपूर्वी ते काही आठवडे कुजू देणे हितावह असते.