ट्रीकेरी बंदिछावणी

ट्रीकेरी बंदिछावणी : ग्रीसच्या यादवी युद्धकाळातील (१९४६–४९) स्त्रियांची छावणी. ती पॅगासी आखाताच्या मुखाशी असलेल्या ट्रीकेरी बेटावर होती. डोंगरात लढणाऱ्या साम्यवादी गनिमी सैनिकांच्या माता, पत्नी व बहिणी यांना केवळ नात्यामुळे येथे डांबण्यात आले. त्यांतील बहुसंख्य खेडवळ असून अनेकींवर खटलाही झाला नव्हता. फरारी दरोडेखोरांच्या नातलगांना हद्दपार करण्याची तरतूद ग्रीक कायद्यात १८७१ पासून होती. सरकार गनिमांना ‘दरोडेखोर’च म्हणत असल्याने तिचा आधार सहज मिळाला. कीऑस येथील स्त्री-कैद्यांना १९४९ मध्ये ट्रीकेरीला हलविण्यात आले. काहींसोबत लहान मुले होती. सुटकेसाठी ‘पश्चात्तापाच्या निवेदना’वर सही करावी लागे. पक्षकार्यकर्तीला त्यात पक्ष सोडावा लागे. निरक्षर मातेला मात्र, जिला पक्ष ठाऊकही नसे, त्याचा अर्थ मुलाला परके म्हणणे असाच वाटे. जानेवारी १९५० मध्ये सुमारे १,२०० स्त्रियांना मॅक्रोनीसॉस बेटावर नेऊन मारहाण व धमक्या यांच्या बळावर सह्या घेण्यात आल्या. नकार देणाऱ्या सुमारे ५०० जणी त्याच वर्षी ट्रीकेरीला परतल्या. त्यांच्यातील सुशिक्षित स्त्रियांनी गुप्तपणे लिहून जमिनीत पुरलेल्या वह्या, १९७४ मध्ये लष्करी राजवट कोसळल्यावर, व्हिक्टोरिया थिओडोरू या तेथील माजी कैदी कवयित्रीने प्रसिद्ध केल्या.