पारस खडका : दहा सामने आणि सतरा वर्षे

क्रिकेटपटूची थोरवी कशाने मोजावी, असा प्रश्न निघाला की आपण तत्काळ धावा, शतके आणि सरासरी यांकडे वळतो. हे मोजमाप खोटे नाही; पण ते प्रत्येकाला पुरते, असेही नाही. नेपाळचे माजी कर्णधार पारस खडका यांचेच उदाहरण घ्या. त्यांच्या नावावर एकदिवसीय आंतरराष्ट्रीय सामने अवघे 10 आणि धावा 315. वीस षटकांचे सामने 33 आणि धावा 799. एवढ्यावरून कोणी म्हणेल, हा खेळाडू आला तसा गेला. वस्तुतः हे गृहस्थ 2004 पासून 2021 पर्यंत नेपाळकडून खेळत होते. मग सामने इतके थोडे का? या कारकिर्दीचे मर्म त्या उत्तरातच आहे.

दोन देशांचे संघ एकमेकांशी खेळले म्हणजे तो सामना अधिकृत आंतरराष्ट्रीय ठरतो, असा आपला समज असतो. व्यवहार तसा नव्हता. आंतरराष्ट्रीय क्रिकेट परिषद ज्या संघांना दर्जा देई, त्यांचेच सामने त्या नोंदीत धरले जात. नेपाळ 1996 साली परिषदेचा सहसदस्य झाला, पण सहसदस्यत्व म्हणजे दर्जा नव्हे. अशा देशांसाठी जागतिक क्रिकेट लीग नावाची स्पर्धा होती. ती एक शिडीच होती. वरचे क्रमांक मिळवणारा संघ वरच्या विभागात जाई आणि तळाचा संघ खाली येई. एक वाईट आठवडा गेला, की दोन वर्षांचे श्रम पाण्यात!

खडका यांचा जन्म 1987 चा, काठमांडूचा. उजव्या हाताचे फलंदाज, मध्यमगती गोलंदाज, आणि वेळ पडली तर फिरकीही टाकणारे. 2004, 2006 आणि 2008 असे एकोणीस वर्षांखालील तीन विश्वचषक ते खेळले. 2009 साली कर्णधारपद त्यांच्याकडे आले, तेव्हा नेपाळ पाचव्या विभागात होता. 2010 मध्ये काठमांडूत पाचवा विभाग, 2012 मध्ये मलेशियात चौथा आणि 2013 मध्ये बर्म्युडात तिसरा, असे तीन विभाग या संघाने जिंकले. या सामन्यांतील एकही धाव वर सांगितलेल्या आकड्यांत नाही.

2014 साली बांगलादेशातील वीस षटकांच्या विश्वचषकात नेपाळ प्रथमच उतरला. हाँगकाँगला त्याने 80 धावांनी हरवले, अफगाणिस्तानला 9 धावांनी. यजमानांचेही दोनच विजय होते. केवळ धावगतीच्या हिशेबात नेपाळ मागे पडला. पुढच्याच वर्षी वीस षटकांचा दर्जा हातचा गेला. 2016 मध्ये परिषदेने नेपाळची क्रिकेट संघटनाच निलंबित केली. घराचे छप्पर उडाले असताना संसार चालवावा, तसे हे दिवस होते.

तरीही शिडी सुटली नाही. फेब्रुवारी 2018 मध्ये नामिबियात कॅनडाविरुद्ध शेवटच्या जोडीने 51 धावा काढून, अखेरच्या चेंडूवर सामना जिंकला. पुढच्याच महिन्यात, झिंबाब्वेतील विश्वचषक पात्रता स्पर्धेत, एकदिवसीय दर्जा मिळाला. ऑगस्टमध्ये नेदरलँड्सविरुद्ध नेपाळचा पहिला एकदिवसीय विजय झाला, तो एका धावेने. त्यात खडका यांच्या 51 धावा होत्या, आणि शेवटचे षटकही त्यांनीच टाकले. जानेवारी 2019 मध्ये दुबईत संयुक्त अरब अमिरातीविरुद्ध 115 धावा काढून त्यांनी नेपाळचे पहिले एकदिवसीय शतक झळकावले. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये सिंगापूरविरुद्ध 52 चेंडूंत नाबाद 106 धावा काढल्या; वीस षटकांच्या प्रकारातले नेपाळचे पहिले शतकही त्यांचेच.

दर्जा मिळाला तेव्हा खडका तीस वर्षांचे होते. इतर देशांतील खेळाडूंना जे अंगण जन्मतःच मिळते, ते सारवून तयार करण्यातच त्यांचे तारुण्य गेले. ऑक्टोबर 2019 मध्ये संघटनेवरील निलंबन उठले आणि त्याच आठवड्यात त्यांनी कर्णधारपद सोडले. ऑगस्ट 2021 मध्ये ते निवृत्त झाले आणि 2023 साली त्याच संघटनेचे सचिव म्हणून निवडून आले.

त्या जानेवारी 2019 च्या मालिकेत रोहित पौडेल या सोळा वर्षांच्या मुलाने 55 धावा केल्या होत्या. त्याच्याच नेतृत्वाखाली सप्टेंबर 2025 मध्ये शारजात नेपाळने वेस्ट इंडीजविरुद्धची वीस षटकांच्या सामन्यांची मालिका जिंकली. परिषदेच्या पूर्ण सदस्य देशावरचा हा नेपाळचा पहिलाच मालिका-विजय. या मुलाला पाचव्या विभागापासून शिडी चढावी लागली नाही. ती आधीच चढून झाली होती. खडका यांच्या दहा सामन्यांचा हिशेब मांडताना ही जमेची बाजू विसरता कामा नये.