केंद्रक टाकून देणारी पेशी

शाळेच्या पुस्तकातली पेशीची आकृती बहुतेकांना आठवते. मधोमध केंद्रक, भोवती तंतुकणिका, आंतर्द्रव्यजालिका, गॉल्जी पिंड. पण आपल्या शरीरात संख्येने सर्वांत जास्त असलेली पेशीच या आकृतीत बसत नाही. माणसाच्या दर दहा पेशींमागे आठांहून जास्त तांबड्या रक्तपेशी असतात आणि पूर्ण वाढ झालेल्या तांबड्या पेशीत यातलं काहीच नसतं.

सुरुवातीला सगळं असतं. हाडांच्या मज्जेत ती घडत असते तेव्हा केंद्रकातल्या डीएनएवरून हिमोग्लोबिनचा आराखडा निघतो, रायबोझोम तो वाचून प्रथिनांच्या साखळ्या तयार करतात, तंतुकणिका ऊर्जा पुरवतात. पेशी हिमोग्लोबिनने भरत आली की केंद्रक आक्रसतं, एका कडेला सरकतं आणि पटलाच्या पातळ वेष्टनासकट बाहेर फेकलं जातं. शेजारची भक्षक पेशी ते गिळून टाकते. पुढच्या काही दिवसांत तंतुकणिका आणि रायबोझोमही जातात. उरते ती सात-आठ मायक्रोमीटर व्यासाची, मध्ये दोन्ही बाजूंनी दबलेली चकती. तिच्यात हिमोग्लोबिनचे सुमारे 27 कोटी रेणू असतात आणि प्रत्येक रेणू ऑक्सिजनचे चार रेणू वाहून नेतो.

पेशीतला कोणता भाग कशासाठी असतो, हे या चकतीकडे पाहून चांगलं कळतं. तंतुकणिका नाहीत, म्हणून वाहून नेत असलेला ऑक्सिजन ती स्वतः वापरत नाही. पण ऊर्जेची चणचण कायमची. तंतुकणिका असलेली पेशी ग्लुकोजच्या एका रेणूतून ऊर्जावाहक एटीपीचे सुमारे 30 रेणू मिळवते, हिच्या हाती निव्वळ दोन पडतात. त्यातला मोठा वाटा पटलातल्या पंपावर खर्च होतो. हा पंप दर फेरीला सोडियमचे तीन आयन बाहेर काढतो आणि पोटॅशियमचे दोन आत घेतो. तो थांबला तर पाणी आत शिरून पेशी फुगते आणि शेवटी फुटते.

केंद्रक गेल्यामुळे दुरुस्तीही गेली. बिघडलेलं प्रथिन बदलण्याची सोय नाही, म्हणून आयुष्य जेमतेम 120 दिवसांचं. मधुमेहींना परिचित असलेली ‘तीन महिन्यांची साखर’ म्हणजे एचबीएवनसी ही चाचणी यावरच चालते. रक्तातली साखर हिमोग्लोबिनला चिकटत जाते आणि पेशी मरेपर्यंत तिथेच राहते.

केंद्रक टाकल्यामुळे हिमोग्लोबिनला जागा मिळाली, असं सर्रास सांगितलं जातं. मला ते पुरेसं वाटत नाही. कोंबडीच्या तांबड्या पेशीत केंद्रक असतं, बेडकाच्याही असतं, आणि त्यांचं काही अडत नाही. आपल्या पेशीला मात्र स्वतःच्या व्यासापेक्षा अरुंद केशवाहिन्यांतून वाकून, दुमडून निघावं लागतं. आत टणक केंद्रक नसलेलं तिथे बरंच.

अशा रिकाम्या पेशीमुळे शास्त्रज्ञांचं काम सोपं झालं. इतर पेशींत आतल्या भागांनाही स्वतःची पटलं असतात, इथे फक्त बाहेरचं एकच. नेदरलँड्समधल्या लायडनला गोर्टर आणि ग्रेंडेल यांनी 1925 मध्ये तांबड्या पेशींतले स्निग्ध पदार्थ वेगळे करून पाण्यावर एका रेणूच्या जाडीचा थर पसरवला. त्याचं क्षेत्रफळ पेशींच्या पृष्ठभागाच्या दुप्पट भरलं, म्हणजे पटल दुपदरी. पुढे लक्षात आलं की त्यांना सगळे स्निग्ध पदार्थ काढता आले नव्हते आणि पेशींचं क्षेत्रफळही त्यांनी कमीच मोजलं होतं. दोन चुका एकमेकींना खाऊन गेल्या. निष्कर्ष मात्र आजही टिकून आहे. याच पटलात, आरएच रक्तगटाच्या प्रथिनाचा शोध घेताना, पीटर अॅग्रे यांना पाण्याच्या ये-जा करण्याच्या वाटेचं प्रथिन सापडलं. त्यासाठी त्यांना 2003 चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं.

नंदुरबार आणि गडचिरोलीच्या आदिवासी भागांत ही पेशी सिकलसेलमुळे माहीत आहे. हिमोग्लोबिनच्या एका साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन येतं. ऑक्सिजन सोडला की असे रेणू एकमेकांना चिकटून लांब दोऱ्यांसारखे होतात, पेशी विळ्याच्या आकाराची आणि ताठ बनते, बारीक रक्तवाहिन्या तुंबतात आणि असह्य वेदना होतात. अशी पेशी दहा-वीस दिवसांतच मरते.

दोष जनुकाचा असला तरी रक्तात फिरणाऱ्या पेशीत तो सुधारता येत नाही, कारण तिच्यात जनुकच उरलेलं नसतं. म्हणून 2023 च्या अखेरीस ब्रिटन आणि अमेरिकेत मंजूर झालेल्या जनुक-संपादनाच्या उपचारात मज्जेतल्या मूळ पेशी बाहेर काढून, बदलून परत सोडतात. गर्भातल्या बाळाचं हिमोग्लोबिन त्यामुळे पुन्हा तयार होऊ लागतं. मंजुरीच्या वेळी अमेरिकेत या उपचाराची किंमत 22 लाख डॉलर ठेवली होती. हायड्रॉक्सियुरियाची साधी कॅप्सूलही तेच गर्भातलं हिमोग्लोबिन काही प्रमाणात वाढवते, आणि आपल्याकडच्या रुग्णांची आज मुख्य भिस्त तिच्यावरच आहे.