इंजिन बदललं की जुनी बुलेट वाचते?

शिरोड्यात कुणाच्या पडवीत जुनी बुलेट खोललेली दिसली की सल्ला ठरलेला : "ह्या इंजिनात आता काय रवला नाय, दुसरा बसव." हे ऐकून कान किटले आहेत, कारण बहुतेक वेळा ते खरं नसतं.

गैरसमज : जुनं इंजिन संपलं; वेगळं बसवणं सोपं आणि स्वस्त.

वस्तुस्थिती : जुन्या बुलेटचं ३४६ सीसीचं, कास्ट आयर्न बॅरलचं इंजिन पुन्हा पुन्हा दुरुस्त होईल असंच घडवलेलं आहे. ७० मिलिमीटरचा बोअर झिजला तर बोअरिंग करून ओव्हरसाइज पिस्टन बसतो. ती मर्यादा संपली तर लाइनर ठोकता येतो. बिग एन्ड वाजत असेल तर क्रँक खोलून पिन आणि बुश बदलतात. आंबोली घाट चढून गेलात की कोल्हापूरच्या उद्यमनगरात अशी मशीनची कामं होतात.

निदान तरी करा! हेड उतरवा आणि बॅरलच्या वरच्या तोंडाशी आतून नख फिरवा. रिंगची धाव संपते तिथे कंगोऱ्याला नख अडकलं, तर बोअर झिजला आहे. याला इंजिन संपणं म्हणत नाहीत.

आता 'सोपं' काय ते पाहू. जुन्या बुलेटची चासी खालून उघडी असते; पुढची एकुलती नळी इंजिनापाशी येऊन थांबते आणि पुढचा भार इंजिनच पेलतं. जुन्या गाडीत गिअरबॉक्स वेगळा, अलीकडच्या बुलेटमध्ये तो इंजिनाच्याच केसिंगमध्ये. म्हणजे प्लेटा नव्याने कापा, वेल्डिंग करा, चेनची रेषा जुळवा. जुन्या गाडीत गिअर उजव्या पायाला आणि ब्रेक डाव्या. नव्या इंजिनाने तेही उलटतं. एवढं करून आंबोलीच्या उतारावर गाडी थांबवायची ती जुन्या ड्रम ब्रेकनेच.

कायदाही विरोधात आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हे स्पष्ट केलं. कलम १८२-अ(४) मध्ये अशा बदलाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दर बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही आहे.

गैरसमज : पन्नास वर्षं झाली की गाडी व्हिंटेज, मग काहीही बदला. नेमकं उलट. जुलै २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार व्हिंटेज नोंदणीसाठी गाडी मूळ रूपात हवी. चासीत किंवा इंजिनात मोठा फेरफार चालत नाही. शिवाय ती रोजच्या वापराची नोंदणी नव्हे.

गैरसमज : डिझेल इंजिन टाकलं की फायदाच. मायलेज वाढतं, पण कंपनीच्याच ३२५ सीसी डिझेल बुलेटची ताकद जेमतेम साडेसहा अश्वशक्ती होती. पेट्रोलच्या ३५० ची अठराच्या आसपास.

गैरसमज : ऑइल गळतं, म्हणजे इंजिन गेलं. आधी गॅस्केट, ऑइल सील आणि ब्रीदर पाइप बघा.

गैरसमज : खारं वारं इंजिन खातं. ते टाकी, स्पोक आणि वायरिंगची टोकं आधी खातं; ऑइल भरलेल्या इंजिनाचा आतला भाग त्या मानाने सुरक्षित असतो.

गैरसमज : नव्या इथेनॉलमिश्रित पेट्रोलवर जुनं इंजिन चालणारच नाही. काही जुन्या वाहनांचे रबरी भाग आणि गॅस्केट बदलावे लागतील, असं पेट्रोलियम मंत्रालयानेच २०२५ मध्ये म्हटलं आहे. पाइप बदला, इंजिन नको. मात्र इथेनॉल पाणी ओढतं, म्हणून किनाऱ्यावर पावसाळाभर गाडी उभी राहणार असेल तर कार्बोरेटर रिकामा करा.

इंजिन बदलण्याची वेळ एकदाच येते : क्रँककेस फुटून दुरुस्तीपलीकडे गेल्यावर. तेव्हाही त्याच मॉडेलचं इंजिन घ्या, बिलासकट घ्या, आणि परिवहन कार्यालयात नवा इंजिन नंबर नोंदवा. नंबर जुळला नाही तर अपघातानंतर विम्याच्या दाव्यालाच आक्षेप येऊ शकतो. बाकी सगळ्यांना एकच सांगणं : आधी हेड उतरवा, मग निर्णय घ्या.